अंतराळ संशोधनाची आवश्यकता व खर्च : सेमाडोहच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

१९९३ हे वर्ष मेळघाटच्या इतिहासात एका दुःखद कारणाने नोंदले गेले आहे. धारणी व चिखलदरा या दोन तालुक्यांतील कोरकू वस्त्यांमध्ये कुपोषणामुळे होणाऱ्या बालमृत्यूंच्या बातम्या त्या वर्षी राज्यभर पोहोचल्या आणि हा प्रश्न जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला. त्याच वर्षी, २० सप्टेंबर रोजी, श्रीहरिकोटा येथून पीएसएलव्ही या अग्निबाणाचे पहिले उड्डाण झाले. आयआरएस-१ई हा दूरसंवेदन उपग्रह घेऊन निघालेला हा अग्निबाण कक्षेत पोहोचू शकला नाही. तो बंगालच्या उपसागरात कोसळला. या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारण संबंध नाही. तथापि एकाच देशाच्या एकाच वर्षाच्या इतिहासात त्या शेजारी शेजारी उभ्या असल्याने त्यांच्यातून एक प्रश्न निर्माण होणे स्वाभाविक आहे : ज्या देशातील मुले पावसाळ्याच्या चार महिन्यांत अन्न व औषधाअभावी दगावतात, त्या देशाने अवकाशात उपग्रह पाठविण्यावर खर्च करावा काय ?

हा प्रश्न वर्गातील वादविवादापासून संसदेतील चर्चेपर्यंत सर्वत्र विचारला गेला आहे. त्याची उत्तरेही ठरावीक आहेत. एका बाजूने भुकेचा दाखला दिला जातो, तर दुसऱ्या बाजूने विज्ञानाचा व राष्ट्रीय प्रतिष्ठेचा. प्रस्तुत निबंधात हा प्रश्न एका विशिष्ट स्थळी उभे राहून तपासण्याचा प्रयत्न केला आहे. परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता गाविलगडच्या डोंगररांगा ओलांडून सिपना नदीच्या खोऱ्यात उतरतो, तेथे सेमाडोह हे गाव आहे. १९७४ मध्ये देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाटचा समावेश झाला. तेव्हापासून सेमाडोह हे वनविभागाचे महत्त्वाचे ठाणे व पर्यटन संकुलाचे गाव म्हणून ओळखले जाते. सागाचे पानझडी जंगल, त्यात विखुरलेल्या कोरकू वस्त्या, पावसाळ्यात तुटणारे रस्ते आणि दीर्घकाळ अपुरी राहिलेली संपर्कसाधने ही या परिसराची वैशिष्ट्ये होत. अंतराळ संशोधनाचा लाभ कोणाला, याची कसोटी घ्यावयाची झाल्यास यापेक्षा कठोर जागा वऱ्हाडात क्वचितच सापडेल.

पालखीवाले आणि थिओडोलाइट

पायाखालच्या जमिनीचे ज्ञान मिळविण्यासाठी आकाशाकडे पाहणे आणि त्यावर होणारा खर्च व्यर्थ आहे अशी तक्रार होणे, ही गोष्ट वऱ्हाडाला नवी नाही. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश अधिकाऱ्याने मद्रास येथून त्रिकोणमितीय सर्वेक्षणास प्रारंभ केला. अवजड थिओडोलाइट, ताऱ्यांचे वेध आणि वर्षानुवर्षे चालणारी आकडेमोड असे या कामाचे स्वरूप होते. मद्रासच्या अर्थसमितीतील एका सदस्याने त्यावर घेतलेला आक्षेप सर्वेक्षणाच्या इतिहासात आवर्जून सांगितला जातो. श्रीरंगपट्टणला जायचे असेल तर पालखीच्या मुख्य भोयाला तसे सांगितले की पुरे, तो वाट बरोबर शोधतो; त्यासाठी एवढा खर्च कशाला, असा त्या आक्षेपाचा आशय होता.

लॅम्बटनने काम थांबविले नाही. हैदराबादहून नागपूरकडे जात असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ही मापनरेषा वऱ्हाडातून सातपुडा ओलांडून मध्य भारतातील सिरोंजपर्यंत नेली. आज मागे वळून पाहता तो आक्षेप हास्यास्पद वाटतो. पृथ्वीच्या आकाराचे ज्ञान, उपखंडाचे अचूक नकाशे, पुढील काळातील रेल्वे व पाटबंधारे यांना या मोजणीने आधार दिला. अंतराळ संशोधनाचे समर्थक अशी उदाहरणे नेहमी देतात व ती चुकीची नाहीत.

मात्र उदाहरण अर्ध्यावर सोडता येत नाही. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि १८६० च्या दशकात मेळघाटातील जंगले सरकारी राखीव वने म्हणून घोषित होऊ लागली. मोजणी व नकाशा यांच्या आधाराने सरकारला जंगल दिसू लागले. त्याच नकाशामुळे फिरती शेती करणारा कोरकू स्वतःच्या डोंगरात परवानगीने राहणारा ठरला. मोजणी आवश्यक होती व खर्चाच्या मानाने तिचा लाभही झाला, परंतु तो लाभ मोजणाऱ्याचा होता. पालखीवाल्यांचा दाखला देणाऱ्या सदस्याने मोजणीच्या उपयुक्ततेवर शंका घेतली. ती कोणाच्या उपयोगाची, हे मात्र त्यानेही विचारले नाही. अंतराळ संशोधनाच्या चर्चेतही बहुतेक वेळा हेच घडते.

साराभाईंची अट

जुलै १९६९ मध्ये अपोलो-११ च्या उड्डाणाच्या पूर्वसंध्येस रेव्हरंड राल्फ अॅबरनथी यांनी खेचरांच्या गाड्या घेऊन गरीब कुटुंबांसह केप केनेडी येथे निदर्शने केली. नासाचे प्रमुख थॉमस पेन त्यांना सामोरे गेले. उड्डाणाची कळ न दाबल्याने गरिबी दूर होणार असेल तर ती दाबली जाणार नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. पुढच्याच वर्षी झांबियात काम करणाऱ्या मेरी जुकुंडा या जोगिणीने नासाचे शास्त्रज्ञ अर्न्स्ट श्टुलिंगर यांना पत्र लिहून, मुले उपाशी असताना मंगळाच्या मोहिमांवर एवढा खर्च कसा सुचविता, असे विचारले. श्टुलिंगर यांनी मे १९७० मध्ये दिलेल्या विस्तृत उत्तरात भिंगे घासणाऱ्या एका कारागिराची कथा सांगितली. प्लेगच्या काळात लोकांनी त्याला दिलेल्या आश्रयाला निरुपयोगी ठरविले होते, पण त्याच भिंगांतून पुढे सूक्ष्मदर्शकाची वाट मोकळी झाली. हे उत्तर सुंदर आहे. परंतु त्याचा आधार अप्रत्यक्ष लाभाचा आहे : आज खर्च करा, उद्या काही तरी उपयोगाचे निघेल.

भारतीय अवकाश कार्यक्रमाचे समर्थन मुळातच निराळ्या पायावर उभे राहिले, ही बाब येथे महत्त्वाची ठरते. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंबा येथून अमेरिकेकडून मिळालेल्या नाइकी-अपाचे अग्निबाणाचे उड्डाण झाले. त्या काळापासून डॉ. विक्रम साराभाई सातत्याने सांगत आले की, चंद्रावर किंवा ग्रहांवर जाण्याच्या शर्यतीत प्रगत राष्ट्रांशी स्पर्धा करण्याची भारताची इच्छा नाही. प्रगत तंत्रज्ञान माणसाच्या व समाजाच्या प्रत्यक्ष प्रश्नांना लावण्यात मात्र भारत कोणाच्या मागे राहता कामा नये. खर्चाच्या समर्थनार्थ दिलेले हे केवळ कारण नव्हते, ती एक अटही होती. दळणवळण, हवामान, शिक्षण व नैसर्गिक साधनसंपत्तीचे सर्वेक्षण या कामांसाठी, आणि तीही खेड्यापर्यंत पोहोचत असतील तर, हा खर्च योग्य, असा तिचा अर्थ होतो. श्टुलिंगरांचे समर्थन कधीच खोटे ठरू शकत नाही, कारण ‘उद्या’ संपत नाही. साराभाईंचे समर्थन मात्र पडताळून पाहता येते. म्हणूनच इतिहासाच्या अभ्यासकाला ते अधिक प्रामाणिक वाटावे.

दूरचित्रवाणीचा प्रयोग

या अटीची पहिली मोठी परीक्षा १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात झाली. नासाच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणी पोहोचविण्याचा ‘साइट’ हा प्रयोग राबविण्यात आला. कोल्हापूर येथे जन्मलेले डॉ. एकनाथ चिटणीस या प्रयोगाचे कार्यक्रम व्यवस्थापक होते; थुंबा येथील प्रक्षेपण केंद्राच्या जागेच्या शोधातही ते साराभाईंचे सहकारी होते. निवडलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे मेळघाटात हे संच आले नाहीत. मात्र प्रयोगाच्या मूल्यमापनातून निघालेला एक निष्कर्ष मेळघाटालाही लागू पडणारा होता. आरोग्य व स्वच्छता यांविषयीची जाण वाढली, विशेषतः निरक्षर प्रेक्षकांत ती अधिक वाढली. शेतीतील नव्या पद्धतींचा स्वीकार मात्र बेताचाच राहिला. पडद्यावर दाखविलेले बियाणे व खत गावात उपलब्ध नसेल तर ज्ञानाचा उपयोग तेथेच थांबतो. वर्ष संपताच उपग्रह परत नेण्यात आला व बहुसंख्य खेड्यांतील पडदे अंधारले.

विदर्भाचा प्रत्यक्ष संबंध आला तो इन्सॅट मालिकेच्या काळात. एप्रिल १९८२ मध्ये सोडलेला इन्सॅट-१ए काही महिन्यांतच निकामी झाला. ३० ऑगस्ट १९८३ रोजी इन्सॅट-१बी अवकाशात गेला आणि ग्रामीण प्रेक्षकांसाठी उपग्रहाद्वारे कार्यक्रम देण्याच्या योजनेत महाराष्ट्रातून विदर्भाची निवड झाली. नागपूर दूरदर्शन केंद्राच्या वाटचालीचा प्रारंभ याच योजनेशी जोडलेला आहे. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हे प्रसारण याच उपग्रहावरून सुरू झाले. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील महाविद्यालयांना ते दुपारचे कार्यक्रम परिचित असावेत. किती महाविद्यालयांत तो संच कुलुपातून बाहेर निघत असे, हा वेगळा विषय आहे. इंग्रजीतील ते पाठ ग्रामीण विद्यार्थ्यांपर्यंत कितपत पोहोचले, याविषयी त्या काळातही शंका होती. दरम्यान दूरदर्शनचा भर जाहिराती व मालिकांकडे वळत गेला. डॉ. पी. सी. जोशी यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने १९८५ मध्ये या बदलावर कठोर टीका केली. उपग्रह खेड्याच्या नावाने गेला व शहराच्या करमणुकीला लागला, हा त्या टीकेचा गाभा म्हणता येईल. या घडामोडीत उपग्रहाचा दोष कोठेही दिसत नाही. तो ठरल्याप्रमाणे काम करीत होता.

चारशे हेक्टरपासून एका एकरापर्यंत

मेळघाटच्या दृष्टीने दूरचित्रवाणीपेक्षा दूरसंवेदनाचा इतिहास अधिक निर्णायक आहे. या इतिहासातील काही आकडे सेमाडोहच्या परिसरात नेऊन वाचले असता त्यांना वेगळाच अर्थ प्राप्त होतो.

भारतीय वनसर्वेक्षण संस्थेने देशातील वनांच्या स्थितीचा पहिला अहवाल १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. तो अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाच्या प्रतिमांवर आधारित होता आणि त्यातील नकाशावर दाखविता येणारे सर्वांत लहान क्षेत्र ४०० हेक्टर होते. एवढ्या क्षेत्रात एखादी कोरकू वस्ती तिच्या शेतांसह सहज सामावते व नाहीशीही होते. १७ मार्च १९८८ रोजी बैकानूर येथून आयआरएस-१ए हा भारताचा पहिला कार्यक्षम दूरसंवेदन उपग्रह सोडण्यात आला. त्याच्या लिस-१ या कॅमेऱ्याचा एक बिंदू जमिनीवर ७२.५ मीटर लांब व तेवढाच रुंद होता, म्हणजे सुमारे ५,२५० चौरस मीटर. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. याचाच अर्थ असा की, एक एकराचे शेत त्या प्रतिमेत पूर्ण एक बिंदूही व्यापत नव्हते. १९९५ च्या डिसेंबरात गेलेल्या आयआरएस-१सी वरील लिस-३ कॅमेऱ्याने हा बिंदू २३.५ मीटरवर आणला. आता तेच शेत सात बिंदूंचे झाले. २००३ मधील रिसोर्ससॅट-१ वरील लिस-४ कॅमेऱ्याची क्षमता ५.८ मीटर, तर २००५ मधील कार्टोसॅट-१ ची २.५ मीटर होती. सतरा वर्षांत पूर्ण एक बिंदूही न व्यापणाऱ्या शेताला बांध आले. वनसर्वेक्षणाच्या नकाशाचे किमान क्षेत्रही २००१ पासून एक हेक्टरपर्यंत खाली आले. नागपूर येथील इस्रोचे प्रादेशिक दूरसंवेदन केंद्र आणि १९८८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र यांमुळे या प्रतिमा वाचणारे कुशल मनुष्यबळही विदर्भातच उपलब्ध झाले.

या प्रगतीची किंमत पैशांत मोजता येते आणि ती वाजवी आहे, असे येथवरच्या पुराव्यावरून म्हणता येईल. जंगलाची घट किंवा वाढ, पाणलोटाची रचना, दुष्काळाची व्याप्ती यांचे एवढे अद्ययावत ज्ञान पायी सर्वेक्षणाने मिळणे अशक्य होते. परंतु डोळा जवळ आला म्हणजे तो मित्राचा असतोच असे नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ ही ताब्याची निर्णायक तारीख ठरविली आणि त्या दिवशी जमीन कसली जात होती की नाही, हे पाहण्यासाठी जुन्या उपग्रह प्रतिमा बाहेर काढल्या जाऊ लागल्या. बांधावर मोह व तेंदूची झाडे राखलेले, डोंगरउतारावरचे, काही वर्षे पडीक ठेवलेले शेत सात बिंदूंच्या प्रतिमेत जंगलासारखे दिसू शकते. झाडे राखणाऱ्या शेतकऱ्याचाच दावा अशा वेळी दुबळा ठरण्याचा धोका असतो. दावे फेटाळण्यासाठी अशा प्रतिमांचा वापर झाल्याने गुजरातमध्ये हा वाद उच्च न्यायालयात गेला. २०१३ च्या निर्णयात केवळ प्रतिमेच्या आधारे दावे नाकारणे न्यायालयाला मान्य झाले नाही. तत्पूर्वी, २०१२ च्या सुधारित नियमांत केंद्र शासनाने स्पष्ट केले होते की, उपग्रह प्रतिमा इतर पुराव्यास पूरक असेल, त्याची जागा घेणार नाही. गावातील वडीलधाऱ्यांचे कथन, जुनी दगडी खूण, देवस्थानाची जागा हेही पुरावेच आहेत.

लॅम्बटनच्या थिओडोलाइटनंतर कोरकूंच्या वाट्याला जे आले, त्याची पुनरावृत्ती येथे संभवत होती. ती कितपत टळली, याचे श्रेय तंत्रज्ञानाकडे जात नाही, ते नियमातील एका वाक्याकडे व ते वाक्य वापरणाऱ्या ग्रामसभांकडे जाते. अंतराळ संशोधनाच्या अंदाजपत्रकात अशा वाक्यांसाठी तरतूद नसते.

ढगांचाही येथे उल्लेख करणे आवश्यक आहे. मेळघाटातील बालमृत्यूंचे प्रमाण पावसाळ्यात वाढते. घरातील धान्य संपलेले असते, साथीचे आजार पसरतात आणि नाल्यांना पूर आल्याने वस्त्या तुटतात. नेमक्या याच महिन्यांत प्रकाशावर अवलंबून असलेल्या उपग्रह कॅमेऱ्यांना सातपुड्यावरील ढगांमुळे खाली काहीही दिसत नाही. ही उणीव दूर करणारा, रडारच्या साहाय्याने ढगांपलीकडचे पाहणारा रिसॅट-१ हा देशी बनावटीचा उपग्रह २६ एप्रिल २०१२ रोजी गेला, आणि ३० जुलै २०२५ रोजी इस्रो व नासा यांच्या सहकार्याने निसार हा अधिक समर्थ रडार उपग्रह सोडण्यात आला. संशोधन ‘आता पुरे’ म्हणून थांबविता येत नाही, ते का, हे या उदाहरणावरून ध्यानात येते. १९८८ च्या उपग्रहावर समाधान मानले असते तर मेळघाटचा पावसाळा कायमचा अदृश्य राहिला असता.

पावसाच्या अंदाजाचा धडा

वऱ्हाडातील कोरडवाहू शेतकऱ्याला उपग्रहाचा सर्वाधिक परिचय हवामानाच्या बातमीतून होतो. त्या इतिहासातही एक मराठी नाव अग्रभागी आहे. विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक राहिलेले आणि घन इंधनाच्या संशोधनासाठी ख्यातकीर्त असलेले डॉ. वसंत गोवारीकर पुढे केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली सोळा घटकांवर आधारित मोसमी पावसाचे प्रारूप विकसित झाले व १९८८ पासून ते अंदाजासाठी वापरात आले. सुमारे चौदा वर्षे त्याने विश्वास मिळविला. २००२ मध्ये मात्र पाऊस सरासरीच्या जवळपास राहील असा अंदाज असताना देशात जुलैचा पाऊस सरासरीच्या निम्म्यावर आला व हंगामात १९ टक्के तूट पडली. ते प्रारूप बदलावे लागले. अग्निबाणाचे अपयश दूरचित्रवाणीवर दिसते. अंदाजाचे अपयश दुबार पेरणीच्या कर्जात दिसते. तरीही या अपयशावरून हवामान संशोधनावरील खर्च थांबवावा असे कोणी सुचविले नाही, उलट अधिक निरीक्षणे हवीत असाच निष्कर्ष निघाला, आणि तो योग्यच होता. १९७७ व १९९९ च्या चक्रीवादळांनी अनुक्रमे आंध्र व ओडिशाच्या किनाऱ्यावर प्रत्येकी सुमारे दहा हजार बळी घेतले. २०१३ मध्ये तेवढ्याच तोडीचे फायलिन ओडिशावर आदळले तेव्हा बळींची संख्या दोन आकड्यांत राहिली. उपग्रहाने वादळ पाहिले व प्रशासनाने लाखो लोक हलविले. १९९९ मध्येही उपग्रहाने वादळ पाहिलेच होते.

खर्चाचा हिशेब

आता प्रत्यक्ष रकमांकडे वळता येईल. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एकूण खर्च सुमारे ४५ लाख कोटी रुपयांचा होता, त्यात अवकाश विभागाची तरतूद सुमारे १२,५४४ कोटी होती. म्हणजे शंभर रुपयांतील अठ्ठावीस पैसे. त्याच वर्षी सक्षम अंगणवाडी व पोषण २.० या योजनेसाठी सुमारे २०,५५४ कोटींची तरतूद होती. त्या वर्षी २३ ऑगस्ट रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवीय प्रदेशाजवळ उतरलेल्या चांद्रयान-३ चा खर्च सुमारे ६१५ कोटी रुपये सांगितला गेला. या आकड्यांवरून एवढे निश्चित दिसते की, पोषणाचा पैसा अवकाशाकडे वळला आहे, हा समज वस्तुस्थितीला धरून नाही. उच्च न्यायालयासमोर मेळघाटसंबंधी तीन दशके चाललेल्या सुनावण्यांतही वारंवार पुढे आलेला मुद्दा स्त्रीरोग व बालरोग तज्ज्ञांच्या रिक्त पदांचा, रस्त्यांचा आणि विविध विभागांतील समन्वयाच्या अभावाचा आहे. मंजूर पदावर रुजू न होणारा डॉक्टर चांद्रयान रद्द केल्याने धारणीला येत नाही. १९८० च्या दशकात बैरागड येथे जाऊन राहिलेले डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली, याचे एक कारण तेथे जाऊन राहणे हेच दुर्मीळ आहे.

तथापि हा हिशेब दुसऱ्या बाजूनेही मांडला पाहिजे. १९६९ मध्ये साराभाईंनी ज्या शर्यतीत उतरावयाचे नाही असे म्हटले होते, त्या दिशेने कार्यक्रम आता स्पष्टपणे वळला आहे. मानवी अंतराळ उड्डाणाच्या गगनयान कार्यक्रमास २०१८ मध्ये सुमारे ९,००० कोटी रुपये मंजूर झाले होते. अंतराळ स्थानकाच्या पहिल्या भागासह त्याची व्याप्ती वाढवून सप्टेंबर २०२४ मध्ये ही मर्यादा २०,१९३ कोटींवर नेण्यात आली. ही वळणे चुकीचीच आहेत असे म्हणण्याचे कारण नाही. मूलभूत विज्ञानाला स्वतःचे मूल्य असते. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातील लोणार हे विवर बेसाल्ट खडकात उल्कापाताने निर्माण झाले आहे, हे १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले तेव्हा चंद्रावरील विवरे समजून घेण्याची एक नैसर्गिक प्रयोगशाळा वऱ्हाडातच सापडली. त्या ज्ञानाने कोणाच्या शेतातील कापूस वाढला नाही, पण म्हणून ते व्यर्थ ठरत नाही. आक्षेप एवढाच की, मानवी उड्डाणाचा खर्च मांडताना पूरनियंत्रण, मासेमारी, आदिवासी भागातील दूरवैद्यक यांची यादी पुढे करणे हे हिशेबाच्या दृष्टीने प्रामाणिक नाही. ती यादी दूरसंवेदन व दळणवळण उपग्रहांची मिळकत आहे. चंद्राचे समर्थन चंद्राच्या ज्ञानावर करावे. त्यासाठी सेमाडोहचे नाव उसने घेऊ नये. त्याचप्रमाणे मेळघाटातील उपाशी मुलाचे नाव चांद्रयानाला विरोध करण्यापुरतेच काढून एरवी त्याचा विसर पडणे, हेही तेवढेच अप्रामाणिक आहे. दोन्ही बाजूंनी ते मूल युक्तिवादाचे साधन बनते.

संपर्कसाधनांच्या बाबतीत मेळघाटचा अनुभव उपग्रहाच्या मर्यादाही दाखवितो. सेमाडोहपासून धारणीकडे जाताना याच रस्त्यावर लागणारे हरिसाल हे गाव २०१६ मध्ये देशातील पहिले ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजले. तेथे वापरलेले तंत्र उपग्रहाचे नव्हते. दूरचित्रवाणीच्या न वापरलेल्या लहरींवरून इंटरनेट पोहोचविण्याचा तो प्रयोग होता. स्वस्त व जमिनीवरचे साधन उपलब्ध असेल तेथे उपग्रहाचा आग्रह धरण्याचे कारण नाही, हे अंतराळ संशोधनाच्या समर्थकांनीही मान्य करावयास हवे.

आगीची सूचना

साराभाईंच्या अटीची आजची स्थिती सेमाडोहच्या जंगलात फेब्रुवारी ते जूनमध्ये सर्वांत स्पष्ट दिसते. सागाची पाने गळून जमिनीवर वाळलेला थर साचतो. मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटविला जातो आणि वाऱ्याने ही आग पसरते. २००४ पासून भारतीय वनसर्वेक्षण संस्था टेरा व अॅक्वा या अमेरिकी उपग्रहांवरील मोडिस उपकरणाच्या नोंदींवरून राज्यांच्या वनविभागांना आगीच्या जागा कळवू लागली. मोडिसचा एक बिंदू जमिनीवर एक किलोमीटरचा. पुढे वापरात आलेल्या व्हिर्स उपकरणाचा ३७५ मीटरचा. पूर्वी धूर टेकडीवरून दिसेपर्यंत किंवा कोणी चालत येऊन सांगेपर्यंत न कळणारी आग आता अक्षांश-रेखांशांसह वनरक्षकाच्या भ्रमणध्वनीवर येते, अर्थात तो संपर्कक्षेत्रात असेल तर.

येथून पुढचे काम जमिनीवरचे आहे. ३७५ मीटरच्या चौकोनात आग नेमकी कोणत्या नाल्याच्या काठाला आहे, तेथे कोणत्या पायवाटेने लवकर पोहोचता येईल, वारा संध्याकाळी कोणत्या बाजूला फिरतो आणि जाळरेषा कोठे अपुरी राहिली आहे, हे उपग्रहाला सांगता येत नाही. ते त्या बीटमध्ये लहानपणापासून फिरलेल्या कोरकू फायर वॉचरला माहीत असते. हिरव्या फांद्यांनी झोडपून आग विझविण्याचे काम तोच करतो. त्याची नेमणूक हंगामी असते, मजुरी दिवसाच्या हिशेबाने असते आणि ती अवकाश विभागाच्या नव्हे, वनविभागाच्या लेखाशीर्षातून निघते. पहिला पाऊस पडला की त्याचे काम संपते, आणि मेळघाटात ज्या महिन्यांत धान्य संपते ते महिने सुरू होतात.